सगळंच लिहून ठेवलंय, मग वाजवणाऱ्याच्या हातात काय उरतं?

प्रश्न विचारणारे नाशिकचेच आहेत. लहानपणी तबला शिकले, मग पियानो, आठवी ग्रेड झालेली आहे. सध्या ते विसाव्या शतकातल्या दोन संगीतकारांचं काम बसवतायत: लिगेटीची पहिली एट्यूड (पियानोच्या तंत्रावर बेतलेला छोटा तुकडा) ‘देझोर्द्र’, म्हणजे बेशिस्त, आणि मेसियानच्या ‘व्हँ रगार’ या पियानोसंचातला पाचवा तुकडा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: “सर सांगतात, कागदावर आहे तेच आणि तेवढंच वाजव, स्वतःचं काही घालू नकोस. पण मी तीन मोठ्या वादकांची रेकॉर्डिंग ऐकली तर तिन्ही वेगळी. शिवाय छापलेला टेम्पो माझ्या हाताला येत नाही. सावकाश वाजवलं तर ते माझं इंटरप्रिटेशन समजायचं की पळवाट? आणि सगळंच लिहिलेलं असेल तर मी करायचं काय?”

मी गंगापूर रोडला पियानो शिकवते आणि १९४५ नंतरचं पियानोसंगीत बरीच वर्षं वाजवत आलेय. हाच प्रश्न माझ्याकडे येणारी मुलं वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न अडकलेत. जे लिहिलंय त्यात वादकाला मोकळीक किती, हा एक. आणि जे आपल्याला जमत नाही त्याला मोकळीक म्हणता येतं का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर सरळ आहे: नाही म्हणता येत. पण म्हणून सावकाश वाजवणं चुकीचंच ठरतं असंही नाही, त्याकडे पुढे येते. पहिल्याचं उत्तर मात्र बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. तुम्ही हे परीक्षेसाठी बसवताय, स्पर्धेसाठी, की कार्यक्रमासाठी? परीक्षक समोर स्कोअर (छापील नोटेशन) उघडून बसलेला असतो, तिथे तो आधी अचूकपणाच बघणार. पियानो कुठला आहे? हॉल केवढा? आणि तुकडा कुणाचा? लिगेटीकडे जी मोकळीक आहे ती मेसियानकडे नाही, आणि मेसियानकडची लिगेटीकडे नाही. त्यामुळे “समकालीन संगीतात किती स्वातंत्र्य घ्यावं” असं सरसकट कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

आधी एक गैरसमज दूर करते. आपल्याकडे मोकळीक म्हटलं की उपज आठवते. बंदिश मांडायची आणि मग विस्तार करायचा. पलुस्करांनी आणि भातखंड्यांनी नोटेशनच्या पद्धती बसवल्या, पण पुस्तकातली बंदिश ही आठवणीपुरती असते. स्वर कसा लावायचा, कुठे थांबायचं, हे गुरूसमोर बसूनच कळतं. त्या कानाने लिगेटीचा स्कोअर उघडला की गुदमरायला होतं, कारण तिथे प्रत्येक ॲक्सेंट (एखाद्या स्वरावर द्यायचा दाब), प्रत्येक जोर, प्रत्येक विराम छापलेला असतो. पण तुम्ही तबला शिकलायत, तर तुमच्याकडे याहून जवळचं उदाहरण आहे. जुनी, घराण्याची गत घ्या. बोल ठरलेले, एकही इकडचा तिकडे करायचा नाही. तरी दोन तबलावादकांच्या हातून तीच गत निघते तेव्हा ती एकसारखी वाटत नाही. निकास (बोल हातातून काढायची पद्धत) वेगळा असतो, वजन वेगळं असतं, कुठला धा भरीव ठेवलाय आणि कुठला नुसता स्पर्श करून सोडलाय ते वेगळं असतं, तिहाई समेवर आणून कशी टाकली ते वेगळं असतं. तुम्हाला लिगेटीत जी मोकळीक मिळणार आहे ती या जातीची आहे. ती स्वरांची भर घालायची नाही.

आता ‘देझोर्द्र’मध्येच शिरू. उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, डावा फक्त काळ्या पट्ट्यांवर. दोन्ही हातांत अखंड धावणारे क्वेव्हर (छोटे, सारख्या लांबीचे स्वर), आणि त्यातून ॲक्सेंट वर काढलेले. सुरुवातीला दोन्ही हातांचे ॲक्सेंट एकत्र पडतात: तीन-पाच, तीन-पाच, पाच-तीन. मग चौथ्या बारला (बार म्हणजे स्कोअरवर उभ्या रेघांनी आखलेला खण) डाव्या हाताला आठ क्वेव्हर मिळतात आणि उजव्याला सातच. झालं, उजवा एका क्वेव्हरने पुढे निघून गेला. पुढच्या ओळीत पुन्हा एक क्वेव्हर कमी, अंतर दोनाचं. तुकड्याच्या नावातली ती बेशिस्त या एवढ्याशा, अतिशय शिस्तीच्या हिशोबातून येते. तुम्ही तोंडाने म्हणून बघा: तकिट तकतकिट, तकिट तकतकिट, तकतकिट तकिट, आणि मग एकदा सातांचा आणि एकदा आठांचा घास. पियानोला हात लावण्याआधी टाळी देऊन हे पाठ व्हायला हवं. माझ्या मुलांना मी पहिले काही दिवस बाकावर बसू देत नाही. तबला केलेल्यांना हे लवकर जमतं, हा तुमचा मोठा फायदा आहे.

आता विचार करा, इथे रुबातो घेता येईल का? म्हणजे एखादा ॲक्सेंट जरा रेंगाळत टाकणं, ओळ संपताना श्वास घेतल्यासारखं सैल करणं? शोपँच्या संगीतात आपण ते करतो आणि ते सुंदर लागतं. इथे नाही करता येत, आणि कारण नीट समजून घ्या, कारण सगळं उत्तर त्यात आहे. या तुकड्याचा सगळा आशय दोन हातांमधल्या एका क्वेव्हरच्या फरकावर उभा आहे. ऐकणारा तो फरक ओळखतो कारण क्वेव्हरची चाल अगदी सारखी आहे. तुम्ही एक क्वेव्हर लांबवला, की उजवा हात पुढे गेलाय की वादक अडखळलाय, हे कानाला कळायचं बंद होतं. म्हणजे लिहिलेलं मोडलं ही अडचण नाही. ज्या कामासाठी ते लिहिलंय ते काम मोडलं, ही अडचण आहे.

मी प्रत्येक स्कोअर याच नजरेने वाचते. ही खूण इथे काय काम करते? ती हलली तर काय कोसळतं? कागदावरच्या सगळ्या खुणा सारख्याच वजनाच्या नसतात, हे एकदा पटलं की मोकळीक शोधत फिरावं लागत नाही, ती कुठे आहे ते दिसायला लागतं.

‘देझोर्द्र’मध्ये ती कुठे आहे? सगळ्यात आधी दोन हातांच्या तोलात. ॲक्सेंट जोरात, मधले क्वेव्हर हलके, एवढं स्कोअर सांगतो. पण हात सुटे झाल्यावर ऐकणाऱ्याने कुणाच्या मागे जायचं? उजवा पुढे, म्हणजे जास्त ऐकू येईल असा, ठेवलात तर डावा त्याच्या प्रतिध्वनीसारखा मागून येतो, आणि एक क्वेव्हरचा फरक अगदी स्वच्छ दिसतो. दोन्ही सारखे ठेवलेत तर कान इकडून तिकडे ओढला जातो आणि जमीन सरकल्यासारखी वाटते. तिसरा मार्ग, सुरुवातीला उजवा पुढे आणि अंतर वाढत जाईल तसा डावा हळूहळू वर आणायचा. मग ऐकणारा जिच्या मागे चालला होता तीच धून हातातून निसटते. तिन्ही वाचनं स्कोअरमध्ये बसतात. तिन्हींचा परिणाम पूर्ण वेगळा आहे. मला स्वतःला तिसरं सगळ्यात आवडतं, कारण त्यात गोंधळ बाहेरून लादलेला वाटत नाही, आपल्याच डोळ्यांदेखत तयार होतो. पण माझी एक विद्यार्थिनी दुसऱ्या मार्गाने वाजवते आणि तिचं ऐकताना मला ते तितकंच पटतं.

दुसरी जागा म्हणजे मधले क्वेव्हर किती हलके. नुसतं ‘हळू’ म्हणून भागत नाही. ते मोत्यासारखे एकेक ऐकू यायला हवेत, की नुसती एक थरथर हवी? पहिल्यात लय जास्त कळते, दुसऱ्यात धून. तिसरी जागा पेडल. दोन हात दोन वेगळ्या स्वरमालांत वाजतायत, एक सात स्वरांची, एक पाच स्वरांची. पेडलने ते किती मिसळू द्यायचे हा रंगाचा निर्णय आहे आणि तो हॉल बघितल्याशिवाय घेऊ नका.

तुम्ही ऐकलेली तीन रेकॉर्डिंग वेगळी का वाटली त्याचं उत्तर बहुधा या तीन गोष्टींमध्येच असेल. पुन्हा ऐकताना “कुणाचं बरोबर” हे बाजूला ठेवा आणि एवढंच लिहून काढा की अमुक ठिकाणी कुठला हात पुढे आहे. एका रेकॉर्डिंगची नक्कल मात्र करू नका, मग ते पियानोवादक पिएर-लोराँ एमारचं का असेना, ज्यांनी स्वतः लिगेटीबरोबर काम केलं.

आता टेम्पो. स्कोअरवर मिनिटाला ६३ सेमिब्रीव्ह (एक लांब स्वर) असं लिहिलंय. एका सेमिब्रीव्हमध्ये आठ क्वेव्हर, म्हणजे मिनिटाला ५०४, सेकंदाला आठाहून जास्त. दोन्ही हातांत, न थांबता. हे भीतीदायक आहेच. पण हा आकडा हात किती पळतो ते दाखवायला लिहिलेला नाही. साधारण या वेगाला एक गोष्ट घडते: क्वेव्हर एकेक मोजता येईनासे होतात, त्यांचं एक कापड होतं, आणि ॲक्सेंट त्यावर तरंगणारी धून होतात. वेग कमी केला की एका हद्दीपर्यंत हे टिकतं. त्या हद्दीखाली गेलात की ऐकणारा क्वेव्हर मोजायला लागतो, ॲक्सेंट सुटे ठोके होतात, आणि धून राहत नाही. मग तुकडा सावकाश झाला असं नाही, तो दुसराच तुकडा झाला.

म्हणून “६३ येत नाही, ५६ चालेल का” याचं माझं उत्तर असं: ती हद्द शोधा. मी काय करते ते सांगते. फोन खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवायचा, पियानोवर नाही. वेगवेगळ्या टेम्पोंना पहिला पानभर भाग रेकॉर्ड करायचा. मग ज्याला हा तुकडा माहीत नाही अशा कुणाला तरी ऐकवायचा आणि म्हणायचं, यात जी चाल ऐकू येते ती गुणगुण. ज्या टेम्पोला त्याला चाल सापडते तो टेम्पो वापरण्यासारखा आहे. ज्याला तो नुसता टेबलावर बोटं आपटायला लागतो तो नाही. घरातल्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे कमी वेगातही कापड होतं. भरलेल्या हॉलमध्ये लोकांच्या अंगावर आवाज शोषला जातो आणि त्याच वेगाला सगळं सुटं सुटं वाटतं. म्हणजे तुमचा टेम्पो एक आकडा नसणार, एक पट्टा असणार. त्या पट्ट्यात राहून तुम्ही ६३ च्या खाली वाजवलंत तर ते निर्णय म्हणून उभं राहील. पट्ट्याच्या खाली वाजवलंत तर ती पळवाट, आणि तेव्हा तुकडा आणखी काही महिने मागे ठेवणं चांगलं.

संगीतकारांना आकडे पवित्र असतात असं समजू नका, आणि बिनमहत्त्वाचे असतात असंही नका. स्ट्राविन्स्की वादकांच्या मनमानीवर सगळ्यात जास्त चिडणारा माणूस, पण त्याने स्वतःचीच कामं वेगवेगळ्या दशकांत रेकॉर्ड केली तेव्हा त्यांचे टेम्पो एकसारखे आले नाहीत. दुसऱ्या टोकाला, लिगेटीच्या काही एट्यूड यांत्रिक पियानोवर, भोकं पाडलेल्या कागदी रोलवर वाजवून घेतल्या आहेत आणि त्या त्याला मान्य होत्या. एट्यूड चौदाचं मूळ रूप तर तसंच यंत्रासाठी ठेवावं लागलं. ती यांत्रिक रेकॉर्डिंग जरूर ऐका. प्रत्येक क्वेव्हर जागच्या जागी आहे. आणि तरी मला त्यात कमी काय वाटतं, तर निवड. यंत्र कुठल्याच हाताची बाजू घेत नाही.

हे इतकं सांगितल्यावर मोकळीक आणि नाइलाज यांतला फरक ओळखायची माझी कसोटी सांगते. कुठलेही चार बार घ्या आणि ते तीन तऱ्हांनी वाजवा: उजवा पुढे, डावा पुढे, दोन्ही सारखे. तिन्ही जमले तर त्यातली एक निवडणं हे तुमचं वाचन. एकच जमत असेल, उजवाच पुढे येतो कारण तो मुळात दणकट आहे, तर तिथे अजून निवड झालेलीच नाही. ती जागा सरावाची आहे. या कसोटीने बघितलं की “माझं इंटरप्रिटेशन” म्हणून सांगितल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त गोष्टी गळून पडतात. हे कठोर वाटेल, पण उरलेल्या गोष्टी मग कुणी विचारलं तर ठामपणे सांगता येतात.

स्वर सुटले तर? चुका होणारच, या वेगाला सगळ्यांच्या होतात. पण कुठला स्वर गेला तर चालेल हे आधी ठरवून ठेवा. मधला हलका क्वेव्हर निसटला तर कुणाला कळत नाही. ॲक्सेंट निसटला तर हिशोब फिसकटतो. उजव्या हाताचं बोट काळ्या पट्टीवर पडलं तर रंग बिघडतो, कारण पांढरं आणि काळं वेगळं ठेवणं हाच तर बेत आहे. म्हणून अवघड जागी एका हाताचे स्वर दुसऱ्याला वाटून देण्याची जी युक्ती आपण एरवी करतो, ती इथे करू नका. लिगेटीने स्वतः लिहिलंय की हे संगीत सुचताना बोटांखालचा पट्ट्यांचा स्पर्श त्याला ऐकू येणाऱ्या स्वरांइतकाच महत्त्वाचा होता. हातांची अदलाबदल केलीत की तोच स्पर्श जातो.

सगळीकडे असा नियम नाही. झेनाकिसचं ‘एव्हरियाली’, १९७३ चं, दोन हातांना पुऱ्या न पडणाऱ्या जागांसाठीच प्रसिद्ध आहे. त्याने फांद्या फुटाव्यात तशा रेषा काढल्या आणि त्या स्वरांत उतरवल्या. काही ठिकाणी इतक्या ओळी एकावर एक येतात की सगळं वाजवणं दहा बोटांच्या आवाक्याबाहेर आहे. तिथे काय सोडायचं हे वादकाने ठरवायलाच लागतं, आणि ते ठरवताना कुठली फांदी ऐकू यायला हवी हाच प्रश्न विचारायचा. म्हणजे एका संगीतकाराकडे स्वर सोडणं म्हणजे तुकडा मोडणं, दुसऱ्याकडे स्वर सोडल्याशिवाय तुकडा सुरूच होत नाही.

आणि जिथे संगीतकाराने उघडपणे मोकळीक दिलीय तिथेही जरा जपून. श्टॉकहाउझनचं ‘क्लाव्हिअरश्टुक अकरा’, १९५६ चं, एका मोठ्या कागदावर १९ तुकडे. नजर पडेल तिथून सुरू करा, कुठूनही कुठे जा, एखादा तुकडा तिसऱ्यांदा आला की थांबा. ऐकायला केवढं मोकळं! पण प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पुढच्या तुकड्याचा वेग, जोर आणि स्पर्श बांधून दिलेला आहे. तोच तुकडा दर वेळी वेगळ्या अटींवर वाजवता यायला हवा. म्हणजे आत्ता सांगितलेली कसोटी तिथे छापूनच आलीय.

आता मेसियान. तुम्ही निवडलेल्या तुकड्यात खाली ‘देवाचं सूत्र’ (संचात पुन्हा पुन्हा येणारी धून) अतिशय संथ चालतं, आणि वर दोन पदर लयीच्या कॅननमध्ये, म्हणजे दोघेही एकच लय आपापल्या लांबीने वाजवतात. ती लय कुठून आली हे तुम्हाला ठाऊक आहे का? शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तून. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, म्हणजे आजच्या दौलताबादला, लिहिलेला ग्रंथ. त्यातल्या १२० देशी तालांचं कोष्टक मेसियानला एका फ्रेंच संगीतकोशात सापडलं. तुमच्या तुकड्यात त्यातले तीन आहेत: रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश, तिन्ही जोडून एक लांब लयमाला केलीय. आपल्या नाशिकहून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या ठिकाणी लिहिलेली लय पॅरिसला गेली आणि १९४४ मध्ये पियानोत उतरली, याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं.

पण अप्रुपाने भुलू नका, कारण इथे तबलावादकाला एक सापळा आहे. मेसियानने या तालांतली फक्त मात्रांची लांबी घेतली. ठेका नाही, आवर्तन नाही, सम-खाली नाही. तुमचा हात आपोआप कुठेतरी सम शोधेल आणि तिथे दाब देईल. तो देऊ नका. या लयीला वजन नाही, ती नुसती लांबी आहे. कॅननचा दुसरा पदर मात्र तुम्हाला ओळखीचा वाटेल: पहिल्याच्या प्रत्येक मात्रेला बिंदू जोडलेला, म्हणजे सरळ दीडपट. दोन विरुद्ध तीन, आडलयीचं नातं. ते अंगात असलं की मोजावं लागत नाही.

मग मोकळीक कुठे? ‘देझोर्द्र’च्या बरोबर उलट जागी. इथे क्वेव्हरच्या धावण्यावर काही उभं नाही, त्यामुळे मूळ संथ चाल किती संथ, हे बरंच तुमच्या श्वासावर आणि पियानोचा स्वर किती वेळ टिकतो यावर आहे. मेसियानने आणि त्याची विद्यार्थिनी, पुढे पत्नी, इव्हॉन लोरियोने स्वतः वाजवलेली रेकॉर्डिंग आहेत, ‘व्हिझियों द लामेन’ हे दोन पियानोंचं काम उदाहरणार्थ. मेट्रोनोम लावून कुणी वाजवतंय असं ते अजिबात वाटत नाही. प्रमाण राखायचं, पण काठी घेऊन नाही. आणि खरं काम रंगाचं आहे. तीन पदर, तिन्ही वेगळ्या मोडमध्ये (स्वरमालेत), सगळं हळू आवाजात. तिन्ही वेगळ्या धातूंचे वाटायला हवेत. माझा अनुभव असा की आधी खालचं सूत्र एकटंच, प्रत्येक कॉर्डमधला कुठला स्वर वर हवा ते ठरवत, बसवावं. मग वरचे पदर त्याच्या अंगावर पडणाऱ्या प्रकाशासारखे ठेवता येतात. वरचे पदर आधी बसवले की ते बोलायला लागतात आणि मग त्यांना गप्प करणं कठीण जातं.

तुम्हाला वाटेल की इतक्या तपशिलाने लिहिणारे संगीतकार मुळात वादकावर विश्वास ठेवत नसतील. एक दाखला देते. संगीतकार एलियट कार्टरची ‘नाइट फँटसीज’, १९८० ची. तुकडाभर २१६ विरुद्ध १७५ असा पॉलीरिदम (एकाच वेळी चालणाऱ्या दोन वेगळ्या लयी) ताणलेला, लिहिण्यात काटेकोरपणाची कमाल. ती चार पियानोवादकांनी मिळून लिहून घेतली होती: पॉल जेकब्ज, गिल्बर्ट कॅलिश, अर्सुला ऑपन्स आणि चार्ल्स रोझेन. चार अगदी वेगळ्या स्वभावांचे वादक. कार्टरला आपण कुणासाठी लिहितोय हे पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्याने सगळं तितकंच बारीक लिहिलं. चार माणसं चार तऱ्हांनी वाजवणार म्हणूनच मूळ रेघा पक्क्या हव्यात, असं मी त्यातून घेते.

नाशिकमध्ये राहून हे करताना पियानोचा प्रश्न टाळता येत नाही. तुमच्याकडे काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. डिजिटल असेल तर ‘देझोर्द्र’चा हिशोब, लय, बोटं, सगळं त्यावर बसतं, हेडफोन लावून रात्री वाजवता येतं हा फायदाच. पण मेसियानचे रंग त्यावर ठरवू नका. खऱ्या तारा एकमेकींना जी साथ देतात ती बऱ्याच डिजिटलवर एक तर नसते नाहीतर पातळ असते, आणि तुम्ही नकळत पेडल जास्त घ्यायला लागता. अपराइट असेल तर पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय पुन्हा वाजत नाही. ग्रँडमध्ये अर्ध्यातून पुन्हा वाजते, १८२१ मध्ये पियानो बनवणाऱ्या एरारने काढलेल्या यंत्रणेमुळे. ‘देझोर्द्र’मध्ये त्याने फार बिघडत नाही, पण पुढे दहावी एट्यूड घ्याल तेव्हा, तिथे एकच स्वर पुन्हा पुन्हा झपाट्याने येतो, अपराइटवर छापलेला वेग मागणं अन्यायाचं आहे. आणि आपला पावसाळा विसरू नका. आषाढ-श्रावणात लाकूड फुगतं, पट्ट्या जड होतात, काही अडकतात. जुलैत हाताला जे जमत नाही ते दिवाळीनंतर कधी कधी आपोआप जमतं, आणि त्यात हाताचा काही दोष नसतो. ट्यूनर मुंबईहून बोलावणार असाल तर पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर बोलवा.

एक गोष्ट घाईने पण गंभीरपणे: या वेगाचा सराव करताना कोपरापासून मनगटापर्यंत दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा. ॲक्सेंट हाताच्या वजनातून यायला हवेत, मनगट आवळून नाही. दुखणं घेऊन केलेल्या सरावाने टेम्पो वाढत नाही.

राहता राहिले तुमचे सर. ते “स्वतःचं घालू नकोस” म्हणतात ते मला चुकीचं वाटत नाही, विशेषतः तुकडा अजून बसत असताना. शिकणाऱ्याने लवकर मोकळीक घेतली की ती नेमकी अवघड जागी घेतली जाते, हे प्रत्येक शिकवणाऱ्याने पाहिलंय. त्यांच्याशी “मला स्वातंत्र्य हवं” या शब्दांत वाद घालू नका. ‘देझोर्द्र’चे पहिले चार बार आणि त्यानंतरचे चार, जिथे हात सुटतात, एवढेच घ्या. साठ टक्के वेगाला, क्वेव्हर अगदी सारखे ठेवून, तीन तऱ्हांनी वाजवून दाखवा आणि विचारा: “सर, यातला कुठला तोल पुढे न्यावा?” तिन्हींमध्ये कागदावरचं काहीच बदललेलं नाही हे त्यांना लगेच दिसेल, आणि मग बोलणं तुकड्यावर होईल. त्यांनी तुमच्या मनातल्याहून वेगळा तोल सुचवला तर महिनाभर तोच वाजवा. तुमचा आवडता तोल त्यानंतरही तुम्हाला तितकाच हवासा वाटला तर कार्यक्रमात तो ठेवा. मेसियान त्याच कार्यक्रमात असेल तर तो आधी ठेवा आणि लिगेटी नंतर. ‘देझोर्द्र’ वाजवून झाल्यावर हात आणि कान दोन्ही तापलेले असतात, त्यावर लगेच इतकं संथ आणि हळू वाजवणं फार कठीण जातं.